महाशीरच्या पिल्लांचा बाप शोधताना

कुणी विचारलं काय काम करतेस, तर आधी मी "फिश जेनेटिक्स" असं सांगायचे, मग समोरचा "अच्छा अच्छा" म्हणून विषय बदलायचा. आता सरळ सांगते की माशांची पॅटर्निटी टेस्ट करते, पिल्लू कुठल्या मादीचं आणि कुठल्या नराचं ते डीएनएवरून शोधते. मग लोक हसतात आणि थांबून ऐकतात तरी. आमच्या आत्याने तर भर लग्नाच्या पंगतीत विचारलं, "अगो पण बाप सापडल्यावर त्याच्याकडून पोटगी घ्यायचीय काय?" पोटगी नाही, पण बाप सापडल्यावर बरंच काही कळतं, आणि ते कळून घ्यायला काय काय करावं लागतं हे कधीतरी सविस्तर लिहायचं होतं, म्हणून हे.

मी रत्नागिरीकडची. आमच्याकडे पहिला दणदणीत पाऊस झाला की वहाळ-पऱ्यांतून मासे वर चढतात, त्यांना चढणीचे मासे म्हणतात, रायगड-वसईकडे त्यालाच वलगण म्हणतात. लोक रात्री बॅटऱ्या घेऊन पाण्यात उतरतात, आणि घरी आलेला मासा चिरला की आत गाभोळी ठासून भरलेली. म्हणजे तो अंडी घालायलाच निघालेला असतो. हे गावात सगळ्यांना माहीत असतं, तरी चव काही सुटत नाही. तर असा दरवर्षी पावसात प्रवाहाविरुद्ध वर जाऊन अंडी घालणारा आणि आपल्याकडच्या नद्यांमधल्या दांडग्या माशांपैकी एक म्हणजे महाशीर, घाटावर ज्याला खडस किंवा खडशी म्हणतात. सायक्स नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८३९ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं तेव्हा त्याला हा मासा पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळाला होता, आणि जातीच्या नावात त्याने इथलंच नाव ठेवलं, 'खुद्री'. आज त्या पाण्यात हात घालायची सुद्धा इच्छा होणार नाही, खडस तर सोडाच.

धरणं झाली, चढायच्या वाटा बंद झाल्या, वर सुरुंग लावून मासे मारणारे होतेच (ह्याला १८९७ च्या कायद्यापासून बंदी आहे, बंदीचं काय होतं ते आपण जाणतो). मग लोणावळ्याला टाटा पॉवरच्या वळवणच्या हॅचरीत १९७० च्या दशकात महाशीरची अंडी हाताने काढून पिल्लं तयार करायला सुरुवात झाली. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले ह्यांचं काम ह्या क्षेत्रात सगळ्यांना वाचावंच लागतं. फलित अंडी ओल्या कापसात ठेवून लांब पाठवता येतात, पाण्याने भरलेली पिशवीच लागते असं नाही, हे त्यांनी दाखवलं. मला ती गोष्ट आजही भारी वाटते कारण एवढा साधा उपाय सुचायला वर्षानुवर्षं अंड्यांकडे बघत बसावं लागतं.

आता मुद्द्यावर येते. मी प्रोजेक्टवर लागले तेव्हा माझी कल्पना अशी होती की मासा कमी झालाय, हॅचरीत लाखोंनी पिल्लं करायची, नदीत सोडायची, झालं काम. आमच्या मॅडम म्हणाल्या, "अगं पिल्लं किती ते विचारू नकोस, आईबाप किती ते विचार." मग त्यांनी फळ्यावर एक छोटं सूत्र लिहिलं जे नंतर मी शंभर लोकांना सांगितलं असेल. समजा पन्नास माद्या वापरल्या आणि दोनच नर वापरले. डोक्यात येतं, बावन्न माशांचं रक्त पुढे गेलं. पण सूत्र असं की चार गुणिले नर गुणिले माद्या, भागिले नर अधिक माद्या. म्हणजे ४००ला ५२ ने भागायचं, उत्तर ७.७. जनुकांच्या हिशोबात हा कळप बावन्नचा नाही, जेमतेम आठ माशांचा. पिल्लं मग दोन लाख असोत की दहा लाख, ती सगळी त्या आठांच्या वाटणीचीच, आणि दर पिढीला साधारण साडेसहा टक्के वैविध्य गळत जातं. आणि हे सुद्धा दोन्ही नरांना सारखी पिल्लं झाली असं धरून. एकालाच जास्त झाली तर आकडा अजून खाली. ते सारखं होतं की नाही हेच मला शोधायचं होतं.

हॅचरी कुठली ते लिहीत नाही, घाटाकडची एक लहान हॅचरी होती. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे काम चालतं, बाहेर पाऊस धो धो, आत सगळं ओलं, आणि मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत. तिथले एक मामा आमचे गुरू. त्यांनी ना मत्स्यशास्त्र शिकलेलं ना काय, पण मादीच्या पोटावर बोट ठेवलं की "हिला अजून दोन दिवस लागंल" असं सांगायचे आणि ते बरोबर यायचं. नर ओळखायला सोपा, पोटाला हलकं दाबलं की पांढरं दूध येतं, हॅचरीत त्याला सगळे मिल्टच म्हणतात. मादीचं अवघड. महाशीर एकदम सगळी अंडी देत नाही, हप्त्याहप्त्याने देते, आणि रोहू-कटला ज्या हिशोबाने लाखांत अंडी देतात तसं हिचं नाही, अंडी कमी आणि मोठी. त्यामुळे एक मादी वाया गेली की मामांचं तोंड दिवसभर उतरलेलं.

स्ट्रिपिंग कसं करतात ते सांगते कारण पुढची सगळी भानगड तिथेच सुरू होते. मादीला ओल्या टॉवेलात गुंडाळून काखेत धरायचं, डोकं झाकलेलं म्हणजे ती शांत राहते, मग अंगठ्याने पोटावरून शेपटीकडे हळू दाबत जायचं. खाली कोरडी तसराळी. कोरडी म्हणजे अगदी पुसून कोरडी. अंडी पडतात ती लिंबाच्या पिवळ्या रंगाची, साबुदाण्याएवढी. त्यावर नराचं मिल्ट पिळायचं, कोंबडीच्या पिसाने हलकं ढवळायचं आणि मग पाणी घालायचं. कोरडेपणाचा एवढा बाऊ का, तर माशाचे शुक्राणू नराच्या पोटात असेपर्यंत निपचित पडलेले असतात, पाणी लागलं की पळायला लागतात आणि जेमतेम मिनिटभरात त्यांचा खेळ आटोपतो. अंड्याला आत शिरायला एक बारीक भोक असतं आणि पाणी शोषलं की तेही बंद होतं. म्हणजे कोण बाप होणार ते त्या एका मिनिटात ठरतं. हे कळल्यापासून मी ती तसराळी वेगळ्याच नजरेने बघायला लागले.

आणि मामा काय करायचे, एका मादीच्या अंड्यांवर चार-पाच नरांचं मिल्ट एकामागून एक पिळायचे. मी विचारलं का, तर म्हणाले, "एखादा नर फुसका निघाला तर सगळी अंडी फुकट जातील ना ताई. पाच घातले की कोण ना कोण लागतोच." ह्यात चूक काहीच नाही, विमा आहे तो. अंडी किती फुटली एवढाच प्रश्न असेल तर ही पद्धत उत्तम. माझा प्रश्न वेगळा होता, पाच नर घातले म्हणून रजिस्टरमध्ये पाच नर लिहायचे, पण पिल्लांमध्ये खरंच पाच बाप आहेत का?

तर नमुने. प्रत्येक आई आणि बापाच्या शेपटीच्या पराचा नखाएवढा तुकडा कापायचा (पर परत वाढतो, माशाला फार फरक पडत नाही), तो ९५ टक्के इथेनॉलमध्ये टाकायचा. पाठीच्या पराजवळ सुईने एक बारीक चिप बसवायची म्हणजे पुढच्या वर्षी तोच मासा आला की मशीन लावून नंबर कळतो. मामांना हे अजिबात पटलं नव्हतं, "माशाला नंबर कशाला, मी तोंड बघून वळखतो" म्हणायचे, आणि खरं सांगायचं तर मोठ्या माद्या ते ओळखायचे सुद्धा. पण डीएनए काही तोंड बघून निघत नाही. ट्यूबवर मार्करने लिहायचं नाही, अल्कोहोलचा थेंब पडला की नाव पुसलं जातं, म्हणून कागदाच्या चिटोऱ्यावर पेन्सिलने नंबर लिहून तो चिटोरा ट्यूबच्या आत टाकायचा. ही गोष्ट कुठल्या पुस्तकात नव्हती, सीनियरने सांगितली, आणि पुढे मी प्रत्येक ज्युनियरला सगळ्यात आधी हीच सांगते.

अंडी मग वाहत्या पाण्याच्या ट्रेमध्ये. मेलेलं अंडं पांढरं पडतं, ते ड्रॉपरने लगेच उचलायचं नाहीतर त्यावर बुरशी येते आणि शेजारच्या जिवंत अंड्यांना धरते. पाण्याच्या तापमानाप्रमाणे तीन-चार दिवसांत पिल्लं बाहेर येतात, पोटाला पिवळा बलक लटकलेला, आणि बाहेर आल्यावर करतात काय तर काही नाही, उजेडापासून लांब कोपऱ्यात एकमेकांवर ढीग करून पडून राहतात कितीतरी दिवस. तिथून जिरे, मग अर्धबोटुकली, मग बोटुकली (म्हणजे बोटाएवढी पिल्लं) असं त्यांचं प्रमोशन होत जातं. मला प्रत्येक तसराळीतली थोडी पिल्लं अगदी लहान असतानाच हवी होती, कारण पुढे जगण्या-मरण्यात अजून फरक पडतो, एखाद्या बापाची पिल्लं अशक्त निघून आधीच मेली तर मला वाटायचं तो बाप नव्हताच. म्हणून काही लवकर घेतली आणि काही बोटुकली झाल्यावर घेतली.

हे सगळं आइसबॉक्समध्ये घालून एसटीने पुण्याला. कंडक्टरने विचारलं काय आहे, मी म्हटलं मासे, त्याने अंतर राखून बसायला सांगितलं.

लॅबमधलं काम बाहेरून ऐकायला भारी आणि करायला कंटाळवाणं. पराचा तुकडा एका एन्झाइममध्ये रात्रभर ५५ डिग्रीला विरघळत ठेवायचा, दुसऱ्या दिवशी फिनॉल-क्लोरोफॉर्मने प्रोटीन बाजूला काढायचं, थंड इथेनॉल ओतलं की डीएनए पांढऱ्या धाग्यासारखा वर दिसतो. पहिल्यांदा दिसला तेव्हा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला होता, आईने अंगठा पाठवला. नंतर पीसीआर, म्हणजे डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या भरपूर प्रती काढायच्या. आम्ही जे बघतो त्याला मायक्रोसॅटेलाइट म्हणतात, डीएनएमध्ये सीए-सीए-सीए असे तेच तेच तुकडे किती वेळा आलेत त्याची लांबी मोजायची. माणसांच्या कोर्टकेसमध्ये बाप ठरवायला ह्याच जातीचे तुकडे मोजतात. प्रत्येक पिल्लाला एका जागी दोन लांब्या असतात, एक आईकडून एक बापाकडून.

उदाहरण देते म्हणजे कळेल. एका मादीच्या दोन लांब्या १८२ आणि १९०. तिच्या पिल्लाच्या १८२ आणि १९८. म्हणजे १८२ आईकडून आलं, १९८ तिच्याकडे नाहीच, ते बापाकडून. आता पाच नरांत १९८ कुणाकुणाकडे आहे? समजा तिघांकडे. दोघं सुटले. मग दुसऱ्या जागी तेच करायचं, तिसऱ्या जागी तेच, आणि एकेक नर बाद होत होत शेवटी एक उरतो. एवढं सोपं. चौथीतल्या मुलाला सुद्धा जमेल.

पण महाशीरने ते सोपं ठेवलेलं नाही. रोहूची गुणसूत्रं ५०, कटलाचीही ५०, आणि महाशीरची १००. कधीतरी लाखो वर्षांपूर्वी ह्यांच्या पूर्वजाचा अख्खा संचच दुप्पट झाला. मग होतं काय, आपण डीएनएमधली एक जागा शोधायला पाठवलेला प्रायमर (हा डीएनएचाच छोटा तुकडा) दोन जागी जाऊन चिकटतो, आणि मशीनमधून जो ग्राफ येतो त्यात दोन टोकांऐवजी तीन किंवा चार टोकं. ग्राफ म्हणजे निळ्या-हिरव्या रेघांचे डोंगर, मुख्य डोंगराच्या आधी छोट्या छोट्या टेकड्या, त्या खऱ्या नसतात, पीसीआर करताना एन्झाइम घसरतं म्हणून उमटतात. चार डोंगर आणि प्रत्येकाच्या आधी टेकड्या असं चित्र समोर आलं की यातलं खरं कोण हे ठरवायला डोळे फुटतात. बाहेर एका ठिकाणी सॅम्पल्स पाठवली होती तिथून तर असा डेटा आला की सगळे डोंगर वरून कापलेले, सिग्नल जास्त झालेला, आणि पैसे पूर्ण घेतले. परत पाठवा म्हटलं तर परत बिल. असो.

ह्यावर तोडगा म्हणजे आधी एक नर आणि एक मादी अशी स्वच्छ जोडी घेऊन पिल्लं करायची, जिथे बाप कोण ह्यात शंकाच नाही, आणि मग बघायचं की कुठल्या जागा नीट वागतात, म्हणजे पिल्लात दोनच टोकं, एक आईचं एक बापाचं. ज्या जागा वाकडं वागतात त्या सरळ टाकून द्यायच्या. मामांना म्हटलं मला एकाच नराची तसराळी पाहिजे. "एकच? आणि फुसका निघाला तर?" म्हटलं निघू दे. त्यांनी दिली, पण त्या दिवशी जी मादी दिली ती सगळ्यात बारकी होती हे माझ्या लक्षात आलं.

अजून एक गंमत. काही पिल्लांमध्ये आईच जुळेना. मादी आमच्या डोळ्यांसमोर पिळलेली, तसराळीवर नंबर, आणि डीएनए म्हणतं ही हिची पिल्लं नाहीत. आई १८२-१८२, पिल्लू १९८-१९८. मॅडमना दाखवलं तर त्या हसल्या, म्हणाल्या आई खरी आहे, जागा खोटी आहे. झालेलं असं असतं की आईची खरी दुसरी लांबी प्रायमरला दिसतच नाही, तिथे एखादं अक्षर बदललेलं असतं म्हणून प्रायमर चिकटत नाही. पिल्लाला आईकडून नेमकी ती न दिसणारी मिळाली की पिल्लू फक्त बापाचं दिसतं. नल अलील म्हणतात त्याला. हॅचरीत आई नक्की माहीत होती म्हणून हे पकडता आलं, नदीत आई माहीत नसती तर आम्ही बिनधास्त तिला केसमधून बाद केलं असतं.

शेवटी चांगल्या जागांची एक यादी हातात आली आणि सगळे आकडे सर्व्हस नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये घातले. ते प्रत्येक पिल्लासाठी सांगतं की ह्या नराची बाप असण्याची शक्यता दुसऱ्यापेक्षा किती पट. एंटर दाबलं, चहाला गेले, परत आले तेव्हा तयार होतं.

आणि निघालं काय, तर तसराळीत पाच नर घातलेले असले तरी बहुतेक ठिकाणी एका नराची पिल्लं अर्ध्याहून जास्त, दुसऱ्याची बरीच, उरलेल्या दोघांची चार-दोन, आणि एखाद्याचं एकही नाही. पहिल्यांदा पिळलेल्या नराला फायदा होताना दिसत होता, पण तेवढंच नव्हतं, काही नर कुठल्याही नंबरवर घातले तरी पुढेच. त्यातला एक नर तर जवळपास प्रत्येक तसराळीत होता कारण मिल्ट भरपूर द्यायचा म्हणून तो मामांचा लाडका, रोज त्याचा नंबर. हे महाशीरचंच वैशिष्ट्य आहे असं समजू नका. सॅमन ह्या परदेशी माशावर असे प्रयोग आधीच झालेत, अगदी मोजून सारखं मिल्ट एकत्र केलं तरी बाप सारखे होत नाहीत. कुणाचे शुक्राणू वेगाने पळतात, कुणाचे जास्त असतात, आणि मादीसुद्धा ह्यात गप्प नसते, अंड्यांबरोबर जो चिकट द्रव येतो त्यात एका नराचे शुक्राणू जोरात पळतात आणि दुसऱ्याचे मंद, हे चिनूक सॅमनमध्ये दिसलंय. म्हणजे मादीने नराकडे बघितलंही नाही तरी निवड चालूच.

सॅमनच्या नदीतल्या गोष्टी तर अजून मजेदार. अटलांटिक सॅमनचे मोठे नर समुद्रातून परत येतात, जबडा वाकडा झालेला, मादीसाठी मारामाऱ्या करतात, आणि तेवढ्यात नदीतच राहिलेली, समुद्र कधी न बघितलेली वीतभर नरपिल्लं दगडाआडून येऊन आपलं काम उरकून जातात. नुसतं बघून सगळ्यांना वाटायचं बाप म्हणजे तो मोठा. डीएनए बघितल्यावर कळलं की ह्या बारक्यांचा वाटा चांगलाच असतो. माशांमध्ये लग्न कसं दिसतं आणि पिल्लं कुणाची निघतात ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून आमच्या विषयात 'जेनेटिक मेटिंग सिस्टीम' असा वेगळा शब्दच करावा लागला.

मग आम्हाला वाटलं महाशीरचं नदीत काय होतं तेही बघू. भोई लोक सांगतात की चढणीला एका मादीमागे दोन-चार नर लागलेले असतात. पण नदीत सगळे बाप पकडणार कसे? तिथे उलटं करावं लागतं, पिल्लं गोळा करायची आणि त्यांच्यातली सख्खी कोण, सावत्र कोण हे काढून त्यावरून आईबाप किती असतील ते जोडायचं, त्यालाही सॉफ्टवेअर आहे, कॉलनी नावाचं. त्यासाठी पिल्लं भरपूर लागतात. पावसाळ्यात भरलेल्या नदीत दगडांच्या फटीतून महाशीरची बारीक पिल्लं शोधणं म्हणजे काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच माहीत. एका भोई काकांनी मदत केली, त्यांची अट एकच, "शेपटीचा तुकडा तुझा, मासा माझा." पण काही ठाम बोलावं एवढे नमुने झालेच नाहीत, तो भाग थिसिसमध्ये दोन पानांत आटपला. महाडजवळ काळ नदीवर वाळण कोंड (कोंड म्हणजे डोह) आहे तिथेही जाऊन आले, देवीचे मासे, हाताशी येऊन चुरमुरे खातात, कुणी धरत नाही. तिथे कात्री काढायचा विचारही केला नाही आणि करूही नये. पाऊस वाढून नदी भरली की ते कोंडाच्या हद्दीत थोडेच बसून राहणार, पण निदान बाकीचं वर्ष तरी त्यांना कुणाची भीती नाही, आणि हे कुठल्या सरकारी जीआरशिवाय.

आता कुणी म्हणेल, बाप दोन असोत की पाच, मासा नदीत आला ना? ह्याला कावेरीचं उत्तर आहे, तिथे प्रश्न बापांचा नाही जातीचा होता, पण न तपासता पिल्लं सोडली की काय होतं ते कळतं. लोणावळ्यात तयार झालेली खडशीची बोटुकली चांगल्या हेतूने देशभर गेली, तशी कावेरीतही गेली. तिथे मूळचा एक वेगळा महाशीर होता, पाठीवर कुबड असलेला, अजस्र. गळाने मासे पकडून परत सोडणाऱ्यांच्या कॅम्पच्या १९९८ ते २०१२ च्या नोंदी अभ्यासकांनी तपासल्या तेव्हा दिसलं की आपल्या निळ्या पराच्या खडशी वाढत गेल्या आणि कुबडवाला कमी होत गेला. म्हणजे 'महाशीर वाढले' ही बातमी खरीच होती, फक्त कुठला महाशीर ते कुणी विचारत नव्हतं. आणि त्या कुबडवाल्याला तोवर नीट शास्त्रीय नाव सुद्धा लावलेलं नव्हतं, २०१८ मध्ये कळलं की तो म्हणजे केरळातल्या पांबार नदीतून वर्णन झालेला 'टोर रेमादेवी', आणि त्याच वर्षी आययूसीएन ह्या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत तो थेट अतिसंकटग्रस्त म्हणून गेला. नाव मिळालं आणि लगेच आयसीयूत. ह्यात मला कुणा एकाला दोष द्यायचा नाही, ज्या काळात ती बोटुकली गेली तेव्हा हे तपासायची साधनंच नव्हती. पण आता आहेत, आता न तपासता नदीत पिल्लं ओतायची म्हणजे मला पटत नाही, फोटोत मंत्री कितीही छान दिसत असले तरी.

निकाल घेऊन हॅचरीत गेले तेव्हा तिथल्या साहेबांना वाटलं मी तक्रार घेऊन आलेय. त्यांचं म्हणणं, वर्षाचं टार्गेट बोटुकलीच्या आकड्यात असतं, आईबापांच्या आकड्यात नाही, आणि ते खरंच होतं. मग मी त्यांना तो पन्नास-दोनचा हिशोब करून दाखवला. आम्ही सुचवलेला बदल काही महागडा नव्हता. एका मादीची अंडी चार-पाच वाडग्यांत वाटायची, प्रत्येक वाडग्यात एकाच नराचं मिल्ट, पाणी घालून मिनिट-दोन मिनिटं थांबायचं आणि मग सगळे वाडगे एका ट्रेमध्ये ओतायचे. तोवर शर्यत संपलेली असते, आता मिसळलं तरी फरक पडत नाही. एखादा नर फुसका निघाला तर त्याच्या वाडग्यापुरतं नुकसान. आणि एक नर सीझनमध्ये ठरावीक माद्यांनाच वापरायचा, लाडका असला तरी.

मामांची तक्रार वेगळीच होती, पाच वाडगे धुवायचे आणि दर वेळी पुसून कोरडे करायचे कोणी, ते सुद्धा भर पावसात जिथे टॉवेल वाळत नाही. ही तक्रार खरी आहे, आणि कुठल्याही पेपरमध्ये ह्याचं उत्तर नाही. शेवटी स्टीलचे जास्तीचे वाडगे आणि सुती कापडाचा गठ्ठा आणून दिला तेव्हा ते तयार झाले. रजिस्टरमध्ये आता मादी क्रमांकाच्या शेजारी नर क्रमांकाचा कॉलम आहे. गर्दीच्या दिवशी त्यात मामा नुसतं 'वरीलप्रमाणे' लिहून मोकळे होतात, मग मी फोन करून विचारते की वरीलप्रमाणे म्हणजे नक्की कोण, आणि ते म्हणतात थांबा ताई, वाडगी धुतोय, संध्याकाळी सांगतो.